सतरा सप्टेंबरला संपणारी पुस्तके

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाने माझे व्याख्यान ठेवले होते. मी प्राध्यापक नाही. शिक्षण बारावीपर्यंत. तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून खरेदीखते, वाटणीपत्रे, शपथपत्रे लिहितो. वडीलही हेच करत. त्यांच्या वेळी या धंद्याला अर्जनवीस म्हणत, आता लोक बाँड रायटर म्हणतात. वडिलांना उर्दू येत होते, मला नव्हते. जुने मुंतखब आणि निजामी अमलातले फैसले घेऊन माणसे येत आणि मला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. त्याची लाज वाटून तिशी ओलांडल्यावर एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीवर बसून उर्दू शिकलो. इतिहासाचा नाद लागला तो त्या कागदांमुळे. पुढे आमच्या तालुक्यातल्या हुतात्म्यांवर मी चाळीस पानांची एक पुस्तिका काढली, आणि तेवढ्या भांडवलावर मला सप्टेंबर महिन्यात व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली.

त्या दिवशीही मी नेहमीप्रमाणे बोललो. गश्ती निशान त्रेपन्न, परतूरची महाराष्ट्र परिषद, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकारांचा धुमाकूळ, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजांचा प्रवेश आणि १७ ला निजामाची शरणागती. टाळ्या झाल्या. आभार मानायला कार्यवाह उभे राहणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक वृद्ध गृहस्थ उठले. गावात त्यांचे अत्तराचे आणि सुपारी-तंबाखूचे छोटे दुकान होते, आता मुलगा चालवतो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, "सर, तुम्ही सतरा तारखेपर्यंत समदं सांगितलं. अठरा तारखेला काय झालं, ते कोणत्या पुस्तकात हाय?"

प्रश्नात राग नव्हता. मी "विषय मोठा आहे, पुन्हा केव्हा तरी" असे काहीतरी पुटपुटलो. रात्री घरी आल्यावर मात्र कपाटासमोर उभा राहिलो आणि एकेक पुस्तक काढून त्याचे शेवटचे प्रकरण वाचू लागलो. सगळ्यात आधी माझीच पुस्तिका काढली. ती १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तिरंगा आणि गुलाल यांवर संपत होती.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या रात्रीपासून सुरू झालेल्या वाचनाचा हिशेब आहे. हैदराबाद संस्थानचा इतिहास सांगणे हा त्याचा हेतू नाही. तो ज्या पुस्तकांनी आपल्याला सांगितला, ती पुस्तके कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात, एवढेच मला तपासायचे आहे.

आधी जे निर्विवाद आहे ते मांडले पाहिजे, नाहीतर पुढच्या बोलण्याचा भलता अर्थ निघेल. हैदराबाद हे एका अल्पसंख्य सत्ताधारी वर्गाने बहुसंख्यांवर चालवलेले राज्य होते. १९४१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती, त्यात मुसलमान शेकडा १३ च्या आसपास. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या या प्रजेचा राज्यकारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चालला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. आधुनिक ज्ञान एका देशी भाषेत आणण्याचा तो मोठा प्रयोग होता, त्याच्या भाषांतर विभागाने केलेले काम आजही थक्क करते. पण परतूरच्या किंवा वसमतच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या ज्ञानाच्या दारात जाण्यासाठी आधी परकी भाषा ओलांडावी लागे. सभा घ्यायची तर परवानगी, शाळा काढायची तर परवानगी. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. त्या वेळचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. परतूर, हिंगोली, कळमनुरी, वसमत हे सारे त्यात होते, त्यामुळे आमच्या जिल्ह्याला या आरंभाचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पुढे मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनने प्रत्येक मुसलमान हा या राज्याचा मालक आहे अशी शिकवण दिली आणि लातूरचा वकील कासिम रझवी याने तिला हत्यारबंद संघटनेचे रूप दिले. १९४८ च्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांतून जे घडले, बीदर जिल्ह्यातल्या गोर्ट्याला मे महिन्यात जी कत्तल झाली, ती कुणाच्या कल्पनेतली नाही. ज्यांची घरे जळाली त्यांची नातवंडे माझ्या टेबलावर येऊन बसतात.

हा इतिहास लिहून ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली आल्या. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ चा, लढ्यात स्वतः उतरलेल्या संपादकाने लिहिलेला. त्याच्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही. नरहर कुरुंदकर मूळचे नांदापूरचे, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यातले. ते हैदराबादच्या प्रश्नाकडे राजनीतीचा अभ्यासक म्हणून पाहतात, निजामाच्या चालींचे मोजमाप करतात, आणि भावनेच्या भरात काही सोडून देत नाहीत. त्यांच्या पुस्तकाच्या नावात 'विमोचन' आणि 'विसर्जन' असे दोन शब्द आहेत. १९४८ ला गोष्ट संपली नाही, १९५६ ला संस्थानचे तीन तुकडे होईपर्यंत ती चालू होती, हे त्या नावातूनच कळते. सेतुमाधवराव पगडी यांचे 'जीवनसेतू' आणखी वेगळे, कारण पगडी निजामाच्या मुलकी सेवेत होते. फारसी-उर्दूवर त्यांचे प्रभुत्व होते आणि त्या दरबारी जगाकडे ते आतल्या माणसाच्या नजरेने पाहू शकत होते.

ही शिखरे झाली. मला काळजी वाटते ती शिखरांखालच्या पसाऱ्याची. स्मरणिका, गौरवग्रंथ, तालुकावार इतिहास, शाळांसाठीच्या गोष्टी, स्वातंत्र्यसैनिकांनी पदरमोड करून छापलेल्या आठवणी आणि माझ्यासारख्यांच्या पुस्तिका. वाचनालयात खरे वाचले जाते ते हेच. माझ्याकडे अशी साठाहून अधिक पुस्तके आहेत. ती पुन्हा चाळली तेव्हा दिसले की त्यांतली बहुतेक एकाच साच्याची आहेत. अन्याय, जागृती, कॅम्प, हौतात्म्य, फौजा आल्या, गुलाल. साचा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. मुक्तीच्या कथेला मुक्तीपाशी थांबण्याचा हक्क असतो. पण या साच्यात मुसलमान माणूस दोनच रूपांत येऊ शकतो. एक रझाकार म्हणून, आणि दुसरा, क्वचित, लेखकाच्या कुटुंबाला आधी इशारा देऊन वाचवणारा भला शेजारी म्हणून. हा शेजारी रात्री दार ठोठावतो, "पंडितजी, आज रात की रात निकल जाओ" असे काहीतरी म्हणतो आणि पानावरून निघून जातो. पुढे त्याचे काय झाले हे लेखक सांगत नाही. सांगायचे तर त्याला १८ सप्टेंबरवर यावे लागेल.

त्या तारखेनंतर काय झाले याचा एक सरकारी कागद आहे. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ संस्थानात पाठवले. काझी साहेब म्हणजे 'लैला के खुतूत' लिहिणारे उर्दू लेखक आणि हैदराबादच्या 'पयाम'चे संपादक. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेवर माणसांच्या जबान्या घेतल्या. त्यांचा अंदाज असा की पोलीस अॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत १८ हजारांपेक्षा कमी नाहीत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत किमान पाच हजार. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत राहिला आणि २०१३ साली ए. जी. नूराणी यांच्या पुस्तकात छापला गेला. त्यावर आक्षेपही आहेत. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेशी जागा नाही, तो एकांगी आहे, असे सरदार पटेलांचे म्हणणे होते. आकडे अंदाजाचे आहेत, हे अहवालच सांगतो. ते सर्व लक्षात घेऊनही, निम्म्याने घटवले तरी, उरतो तो आकडा लहान नाही.

सर्वाधिक होरपळलेल्या त्या आठ जिल्ह्यांत परभणीचे नाव नाही. मी अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा हे पाहून मला सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. मग वाटले, आपण नकाशा पाहून सुटका मानतो आहोत. एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला बीड, तिसऱ्या बाजूला औरंगाबाद. गोदावरी ओलांडून जी माणसे पळत होती ती कुठे पळत असतील?

अहवालातली एक गोष्ट मात्र मराठी वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण ती आपल्या स्मरणिकांना सहज शोभली असती. कत्तलीच्या काळात हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना वाचवल्याची उदाहरणे शिष्टमंडळाला सापडली, आणि हे सख्य एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये विशेष दिसले. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहून लढले, त्यात काहींचे जीव गेले. रझाकारांच्या गोळीने मेलेल्याचे नाव आपण दगडावर कोरतो, आणि ते कोरलेच पाहिजे. या विणकरांची नावे मला एकाही स्मारकावर दिसली नाहीत. त्यांचे हौतात्म्य १७ तारखेनंतरचे होते.

आता दुसऱ्या कपाटाकडे वळतो. उर्दू शिकल्याचा फायदा असा की दोन्ही बाजूंची कुलपे उघडून पाहता येतात. संस्थानचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' १९६२ साली कराचीहून निघाले. ते वाचताना मला सतत कोर्टातल्या जबाबाची आठवण येत होती. माणूस बुद्धिमान आहे, मेहनती आहे, भाषा संयत आहे, पण आपल्या राज्यात खेडी होती याची त्याला फारशी खबर नाही. नूराणींचे पुस्तक वेगळ्या तोलाचे आहे. कागदपत्रांवरचा त्यांचा हात जबरदस्त आहे आणि कासिम रझवीला ते सोडत नाहीत. परंतु त्यांचे सारे लक्ष दिल्ली आणि हैदराबाद यांच्यामधल्या पत्रव्यवहारावर आहे. पटेल काय म्हणाले, नेहरूंनी काय लिहिले, मुन्शींनी काय कळवले. १९४८ च्या उन्हाळ्यात एखाद्या वाडीवर रात्री मशाली घेऊन कोण आले होते, हे त्यातून समजत नाही. ज्याला ते विनाश म्हणतात त्याच्या आधीचे वर्ष खेड्यातल्या माणसासाठी कसे होते, याचे पान तिथेही कोरेच आहे.

म्हणजे दोन्ही कपाटे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. इकडची पुस्तके १७ सप्टेंबरला संपतात, तिकडची वेदना साधारण त्याच आठवड्यात सुरू होते. एकाच गावातल्या दोन गल्ल्यांची ही गोष्ट आहे, पण दोन्ही गल्ल्या एका पुस्तकात येत नाहीत.

ललित लेखनात तरी हे घडायला हवे होते. उर्दूत जीलानी बानो यांची 'ऐवान-ए-गजल' ही महत्त्वाची कादंबरी. ती हवेलीची आहे. जागीरदारी, मुशायरे, पडद्याआडच्या बायकांची घुसमट आणि ढासळत जाणारे घर. तिच्यात सरंजामशाहीवरची टीका धारदार आहे, स्त्रीची बाजू तर फारच समर्थ. पण हवेली म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. आमच्याकडे बी. रघुनाथ. साताेन्याचा, म्हणजे याच जिल्ह्यातला हा माणूस परभणीत सरकारी कारकुनी करत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिला आणि १९५३ साली अवघ्या चाळिशीत गेला. 'जगाला कळले पाहिजे' आणि 'आडगावचे चौधरी' या कादंबऱ्यांमागे निजामी मराठवाडा उभा आहे. मध्यमवर्गाची कोंडी आणि खेड्यातल्या प्रतिष्ठित घराची पडझड त्यांनी जशी पकडली तशी त्या पिढीत दुसऱ्या कुणी पकडली नाही. आणखी वीस वर्षे मिळाली असती तर १८ सप्टेंबरनंतरचे परभणी त्यांनीच लिहिले असते असे मला वाटते. दरबारी भाषा आणि गल्लीतली भाषा दोन्ही ऐकून असलेला कारकून लेखक याहून योग्य कोण होता? त्यांच्यानंतर मात्र उर्दू कादंबरीत हवेली राहिली, मराठी आठवणींत कॅम्प राहिला, आणि आत्तार, पिंजारी, मोमीन, तांबोळी हे दोन्हीकडून निसटले.

निसटले ते योगायोगाने नाही. साम्राज्य किंवा संस्थान कोसळते तेव्हा सत्ताधारी अल्पसंख्याकांचे दोन थर वेगळे होतात. वरच्या थराकडे पैसा, इंग्रजी आणि ओळखी असतात. तो कराचीला जातो, लंडनला जातो, किंवा नव्या सरकारशी जुळवून घेतो. खुद्द निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख होते. लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानला पोचले. निजामी नोकरशाहीतल्या वरच्या जागांवर तर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या गैरमुल्कींचा भरणा असे आणि त्याविरुद्ध मुल्की मुसलमानच ओरड करत. खालच्या थराला राज्याने ना जमीन दिली होती ना अधिकार. दिले होते ते फक्त 'तूही राज्यकर्ता आहेस' हे वाक्य. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या अभ्यासकाने १९५० सालीच हैदराबादवर लिहिलेल्या निबंधाला 'मुस्लिम शोकांतिका' असे नाव दिले, ते मला या अर्थाने पटते. राज्य वरच्यांनी उपभोगले, त्याची किंमत शेवटी अत्तराच्या दुकानाने मोजली.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. बहुसंख्य हा शब्द मी सैलपणे वापरतो आहे. मराठवाड्यातल्या दलितांचा या काळाचा अनुभव तिसराच आहे. त्यांचे एक पुढारी बी. एस. वेंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते, दुसरे श्यामसुंदर हैदराबादच्या शिष्टमंडळाबरोबर संयुक्त राष्ट्रसंघात गेले. हे का घडले याचे उत्तर निजामाच्या धूर्तपणात जेवढे आहे तेवढेच आमच्या गावकुसात आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

'रझाकार' या शब्दाकडेही थोडे पाहू. मूळ अर्थ स्वयंसेवक, आपखुशीने काम करणारा. कासिम रझवीने तो शब्द नासवला. आमच्या भागात आज कुणी दांडगाई केली तर "काय रझाकारी लावलीय" म्हणतात आणि त्यात जातधर्म नसतो. बोलीने शब्दाला योग्य जागा दिली. व्यासपीठावर मात्र दर सप्टेंबरला तो वेगळ्या मापाने वापरला जातो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे नजरा वळतात हे मी वक्त्याच्या खुर्चीवरून पाहिले आहे. बांगलादेशात हाच शब्द १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेच्या स्थानिक हस्तकांसाठी आला. त्या फौजेच्या बाजूला राहिलेल्या उर्दूभाषक बिहाऱ्यांना डिसेंबर १९७१ नंतर त्याचा झाडा द्यावा लागला. अत्याचारात सामील असलेले आणि नसलेले एकाच मापाने मोजले गेले आणि त्यांतले गरीब ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत अडकून पडले. त्यांना नागरिक मानणारा न्यायालयाचा निकाल यायला २००८ साल उजाडले. पुढे जुलै २०२४ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी आंदोलक विद्यार्थ्यांना उद्देशून हा शब्द काढला, तेव्हा पोरांनी तोच उलटा घोषणेत घेतला. इतकी दशके शिवी म्हणून ताणलेला शब्द शेवटी सरकारच्याच अंगावर आला.

मग हे लिहायचे कसे? मराठीत नमुना सापडेना म्हणून मी शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीतून इव्हो आंद्रिच यांची 'द्रिना नदीवरचा पूल' ही कादंबरी वाचली. १९४५ साली आलेली, आंद्रिचना पुढे १९६१ चे नोबेल मिळाले. बोस्नियातले विशेग्राद हे गाव, तिथला तुर्की वजिराने सोळाव्या शतकात बांधलेला पूल आणि गावाची साडेतीनशे वर्षे. आंद्रिच ख्रिस्ती घरातले. पुलाचे काम चालू असताना वेठबिगारीला वैतागलेला रादिसाव नावाचा ख्रिस्ती शेतकरी रात्री बांधकाम मोडतो, पकडला जातो आणि तुर्की अंमलदार त्याला सुळावर चढवतो. ते पान वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवले होते. साम्राज्याचे क्रौर्य याहून उघडे कुणी दाखवले असेल असे वाटत नाही. पण कादंबरीचा शेवट आंद्रिच कुणाला देतात? अलीहोजा या मुसलमान दुकानदाराला. १८७८ साली ऑस्ट्रियाची फौज येत असताना हा माणूस "आता लढण्यात अर्थ नाही" असे म्हणतो, म्हणून त्याच्याच धर्माचा एक माथेफिरू त्याचा कान खिळ्याने पुलाला ठोकतो. १९१४ साली युद्धात पूल उडवला जातो तेव्हा हाच म्हातारा अलीहोजा घराच्या चढावर कोसळून मरतो, आणि कादंबरी तिथे थांबते.

अलीहोजा वाचताना मला शोएबुल्ला खान आठवले. 'इमरोज'चे हे तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये, फौजा येण्याच्या तीन आठवडे आधी, रात्री कामावरून घरी परतताना त्यांना ठार केले गेले. आपल्या पुस्तकांत ते आहेत, पण परिच्छेदापुरते, आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून. त्यांच्या मरणानंतर त्यांच्यासारख्याच विचाराच्या घरांना पुढच्या महिन्यात काय सोसावे लागले असेल, हा प्रश्न तो परिच्छेद विचारत नाही.

आंद्रिचवरही बोस्नियातल्या मुसलमान वाचकांचे आक्षेप आहेत आणि १९९२ मध्ये त्याच पुलावर माणसे मारून नदीत टाकली गेली. कादंबरीने काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच की रादिसाव आणि अलीहोजा एका पुठ्ठ्यात आहेत. एकाचे दुःख लिहिल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, हे लेखकाने न बोलता मान्य केले आहे. आपल्याकडे मात्र कुणी १८ तारखेचा विषय काढला की लगेच विचारतात, "मग रझाकारांनी केले ते काय होते?" माझे उत्तर असे की ते मी आधीच लिहिले आहे, चाळीस पाने. स्टेट काँग्रेसच्या नेत्यांनी आपला लढा राजवटीशी आहे, मुसलमानांशी नाही, असे सांगितले होते. ती केवळ सभ्यतेची भाषा होती की खरी भूमिका, हे फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत ठरायचे होते. ते आठवडेच आपण लिहिले नाहीत, त्यामुळे ज्यांनी त्या दिवसांत शेजाऱ्याच्या दारात उभे राहून जमाव परतवला त्यांची नावेही आपण घालवून बसलो.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची ठरवली तेव्हा मी पुन्हा चाचांकडे गेलो. दोन-तीनदा चहा झाला, विषय पावसापाण्याचा आणि सोयाबीनच्या भावाचा. चौथ्या वेळी त्यांनी मुलाला दुकानात पाठवले आणि पेटीतून कापडात गुंडाळलेला एक कागद काढला. उर्दूतला अर्ज होता, लष्करी अंमलाच्या अधिकाऱ्याला केलेला. सदर इसम रझाकार नव्हता, गावात अत्तर व सुपारी विकून गुजराण करतो, त्याला सोडावे, असा मजकूर. खाली चार सह्या आणि अकरा अंगठे. सह्या माली पटेल, पटवारी, एक देशमुख आणि एक वाणी यांच्या. अंगठ्यांपुढे लिहिलेली नावे मराठा, धनगर, महार आणि कोष्टी घरांतली. अर्ज गेला होता की नाही, गेला तर मूळ प्रत परत कशी आली, चाचांना सांगता येईना. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. वडील तीन महिन्यांनी घरी आले आणि मरेपर्यंत पेठेच्या बाजूने बाजाराला गेले नाहीत, लांबच्या वाटेने जात, एवढे त्यांना आठवते.

अकरांपैकी दोन अंगठे असे की ज्यांची घरे त्याच उन्हाळ्यात रझाकारांनी लुटली होती. माझ्या पुस्तिकेत त्या लुटीची हकीकत आहे, सोळाव्या पानावर.

मी कागदाचा फोटो घेऊ का म्हणून विचारले. चाचांनी बराच वेळ कागदाची घडी तशीच हातात धरली. मग म्हणाले, "वाचा. पाहिजे तितक्या बारी येऊन वाचा. नावं छापू नका. अंगठेवाल्यांची पोरं आता काय म्हणतील, मला म्हाईत न्हाई." आणि त्यांनी कागद परत कापडात बांधला.